जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क अडकला तर: सुटकेचा क्रम आणि भरपाईचा दावा

संरक्षित सागरी प्राणी जिवंत सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर महाराष्ट्र शासन त्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांची ही योजना डिसेंबर 2018 पासून सुरू आहे. उत्तन, पाली, चौकपासून दिवाळे, सारसोळेपर्यंतच्या कोळीवाड्यांत बहुतेकांना ती ऐकून माहीत आहे. चुकतं ते काम करताना. कुणी कासव नीट सोडतो, पण दाखवायला एकही धड फोटो नसतो. कुणाकडे दहा फोटो असतात, पण त्या सगळ्यांत कासव पाठीवर उलटं पडलेलं असतं आणि तोवर त्याचा श्वास संपत आलेला असतो.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. कोणी काय करायचं हे प्राणी समोर तडफडत असताना ठरवलं जातं. ते बंदरावर, बोट सुटण्याआधी ठरलेलं हवं. म्हणून पहिले दोन टप्पे जमिनीवरचे आहेत आणि ते वगळून पुढे जाऊ नये.

टप्पा 1: कागद निघण्याआधी जुळवा

भरपाई बोटीच्या नावावर मागितली जाते, त्यामुळे बोटीचे कागद आधी स्वच्छ हवेत. नौका नोंदणी प्रमाणपत्र, चालू मुदतीचा मासेमारी परवाना, मालकाचं आधार कार्ड आणि बँक पासबुक या चार कागदांवरचं नाव एकमेकांशी अक्षराअक्षराने जुळतं का ते बघा. परवाना वडिलांच्या नावावर, पासबुक मुलाचं आणि समुद्रात गेलेला तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) तिसराच, अशी स्थिती पुष्कळ घरांत असते. मासेमारीला त्याने अडत नाही, पैसे जमा करताना अडतं.

जाळं विकत घेतल्याची पावती जपा. जाळं घरी विणलेलं किंवा जुन्या तुकड्यांतून जोडलेलं असेल, तर सूत, दोर, बोये (जाळं तरंगतं ठेवणारे गोळे) आणि शिसं यांच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. पावत्या नसतील तर आजच जाळं पसरून त्याची लांबी, खोली आणि आसाचा (जाळ्याच्या एका भोकाचा) आकार वहीत लिहा आणि दोन फोटो काढून ठेवा. फाटल्यावर "आधी केवढं होतं" हे सिद्ध करणं फार कठीण जातं.

इशारा: 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात यांत्रिक बोट समुद्रात गेली असेल, किंवा एलईडी दिव्यांसारख्या बंदी असलेल्या साधनाने मासेमारी चालू असेल, तर भरपाई बाजूला राहील आणि कारवाई तुमच्यावरच होईल. जाळं आणि हंगाम दोन्ही कायदेशीर असले पाहिजेत.

टप्पा 2: सामान आणि कामाची वाटणी

बोटीवर एक वेगळी पेटी ठेवा. त्यात इतकं पुरे:

- बोथट टोकाच्या दोन सुऱ्या किंवा आकड्यासारख्या पात्याचं दोर कापायचं हत्यार. कोयता नको, टोकदार सुरी नको.
- एक मजबूत कात्री
- जाड हातमोज्यांचे दोन जोड
- चार स्वच्छ गोणपाटं किंवा जुनी टॉवेलं
- जुना टायर किंवा फोमचा ठोकळा, साधारण 15 सेंटीमीटर उंचीचा
- 5 मीटरची मोजपट्टी
- फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी

आता माणसं ठरवा. एकजण इंजिन आणि सुकाणूवर. दोघे प्राण्याजवळ, त्यातला एकच कापणार. चौथा फक्त फोन धरणार, तो जाळ्याला हात लावणार नाही. खलाशी तीनच असतील तर सुकाणूवरच्याने बोट स्थिर झाल्यावर फोन घ्यावा. हे सांगायला दोन मिनिटं लागतात, पण नेमका हाच भाग राहून जातो.

फोन धरणाऱ्याने बंदरावरच कॅमेऱ्यातली लोकेशन नोंदवण्याची सोय चालू करावी. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, फक्त पहिल्यांदा जागा पकडायला काही मिनिटं लागतात. म्हणून ऐन वेळी चालू करून उपयोग नाही.

तपासा: फोनची तारीख आणि वेळ बरोबर आहे का? साठवणीत किमान दहा मिनिटांच्या व्हिडिओची जागा आहे का?

टप्पा 3: काय अडकलंय ते ओळखा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आपल्याकडे आढळणारी सर्व समुद्री कासवं, डॉल्फिन व देवमासे, व्हेल शार्क आणि करवत मासा आहेत. व्हेल शार्क 2001 पासून संरक्षित आहे. अशा प्राण्याची शिकार, बाळगणं किंवा विक्री यासाठी 3 ते 7 वर्षांचा तुरुंगवास आणि किमान 25,000 रुपये दंड आहे. जाळ्यात चुकून आलेला प्राणी लगेच सोडणं ही एक गोष्ट झाली. तोच बोटीत झाकून बंदरावर आणणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे.

कासवांत आपल्या जाळ्यांत सर्वाधिक येतं ते ऑलिव्ह रिडले. हिरवट करड्या रंगाचं, हृदयाच्या आकाराचं कवच, आणि कवचाच्या मधल्या रांगेच्या प्रत्येक बाजूला बहुतेकदा सहा किंवा जास्त पट्ट्या (कवचाचे तुकडे). हिरव्या कासवाला अशा चारच जोड्या असतात. हॉक्सबिलची चोच पोपटासारखी असते आणि पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात. लेदरबॅकला पट्ट्याच नसतात, कातडी पाठीवर उभ्या कडा असतात. जागेवर नाव सुचलं नाही तरी चालेल. कवचाचा सरळ वरून एक स्पष्ट फोटो असला की जाणकार माणूस प्रजाती सांगू शकतो. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात खलाशांना एकदा घेऊन जावं, ओळख पक्की व्हायला मदत होईल.

टप्पा 4: पहिली पाच मिनिटं

1. इंजिन न्यूट्रलमध्ये. पंखा फिरत असताना कोणीही जाळं ओढायचं नाही.
2. जाळं ओढण्याचं यंत्र थांबवा. ते चालू ठेवून प्राणी वर घेतला की सगळा भार मान आणि परांवर (वल्ह्यासारख्या पायांवर) येतो, आणि सूत आत रुततं.
3. कासव आणि डॉल्फिन हवेत श्वास घेतात. त्यांचं तोंड, डॉल्फिनचं डोक्यावरचं श्वासछिद्र, आधी पाण्याबाहेर आणा. बाकी सगळं नंतर.
4. व्हेल शार्क, करवत मासा आणि पाकटं (चपट्या अंगाचे मासे) कल्ल्यांनी श्वास घेतात. त्यांना पाण्यातच ठेवा. बोटीत घेऊ नका.

तिसरा आणि चौथा मुद्दा प्रत्येक खलाशाला तोंडपाठ हवा. कासवाला "पाण्यात जरा मोकळं होऊ दे" म्हणून जाळ्यासकट बुडतं ठेवणं आणि करवत माशाला "नीट कापता यावं" म्हणून फळीवर घेणं, दोन्हीत प्राणी गुदमरतो.

इशारा: कोणीही पाण्यात उडी मारायची नाही. घाबरलेला डॉल्फिन किंवा व्हेल शार्कची शेपटी माणसाला जाळ्यात गुंतवू शकते.

टप्पा 5: कापण्याआधीचा पुरावा

याला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागू नये. दावा मुख्यतः इथेच उभा राहतो किंवा पडतो. फोन धरणाऱ्याने या क्रमाने काढावं:

1. एकाच चौकटीत बोटीचा नोंदणी क्रमांक आणि अडकलेला प्राणी. कोन जमत नसेल तर फोन क्रमांकावरून प्राण्याकडे न थांबवता वळवत एकच व्हिडिओ घ्या.
2. सूत अंगावर कुठे गुंतलंय त्याचा जवळून फोटो.
3. कासव असेल तर वरून कवचाचा फोटो.
4. बोटीच्या जीपीएसच्या पडद्याचा फोटो, अक्षांश, रेखांश आणि वेळ वाचता येईल असा.

यानंतर व्हिडिओ चालू करून शेवटपर्यंत चालूच ठेवा. तुकड्या-तुकड्यांत काढलेल्या व्हिडिओवर शंका घेता येते, सलग व्हिडिओवर सहसा येत नाही.

प्राणी श्वास घेत नसेल किंवा बुडत असेल तर फोटो सोडा आणि थेट कापायला लागा. चालू असलेला व्हिडिओ तेवढा पुरतो. कासवासोबत सेल्फी, त्याच्यावर पाय ठेवून उभं राहणं, पर धरून उचलून दाखवणं, हे सगळं पुढे तुमच्याच विरुद्ध पुरावा होतं.

टप्पा 6: कमीत कमी कापा, पण पूर्ण कापा

या दोन सूचना एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, तशा त्या नाहीत. कमीत कमी म्हणजे वरचा बोयांचा दोर आणि तळाचा शिशाचा दोर शक्यतो शाबूत ठेवणं. घाईत आधी दोरच तोडला जातो आणि चार आसांच्या नुकसानीचं अख्ख्या पट्ट्याचं नुकसान होतं. पूर्ण म्हणजे प्राण्याच्या अंगावर सुताचा एकही फास न ठेवणं. पराभोवती राहिलेला फास प्राणी पोहू लागला की आवळत जातो, पर सडतो. वरून मोकळा दिसलेला प्राणी महिन्याभरात मरतो तो असा.

पद्धत अशी: एकाने प्राणी स्थिर धरायचा. दुसऱ्याने सुताखाली दोन बोटं घालून ते कातडीपासून उचलायचं, पातं बाहेरच्या दिशेला ठेवून एकेक धागा कापायचा. मानेभोवतीचं सूत पहिलं, मग पुढचे पर, मागचे पर सर्वांत शेवटी. मागचा भाग आधी मोकळा केला तर प्राणी जोर लावतो आणि मान आणखी आवळली जाते.

गळ गिळला असेल तर ओढू नका. दोर जमेल तितका तोंडाजवळ कापा आणि तसाच ठेवा. तोंडाच्या कडेला वरवर टोचलेला गळ पक्कडीने काट्याचं टोक तोडून काढता येतो.

कापलेला तुकडा समुद्रात टाकायचा नाही. तो पुढच्या प्राण्याला अडकवतो, शिवाय तोच तुमचा पुरावा आहे.

तपासा: मान, चारही पर, शेपटी. सहाही ठिकाणी हात फिरवून सूत राहिलं नाही ना?

टप्पा 7: प्राण्यानुसार हाताळणी

*कासव*

मोठं ऑलिव्ह रिडले साधारण 35 ते 45 किलोचं असतं. दोघांनी उचलायचं, एकाचा हात मानेमागे कवचाच्या कडेला, दुसऱ्याचा शेपटीवरच्या कडेला. परांना धरून उचललं तर सांधा निखळतो. चोच जोरात चावते, बोटं तोंडाजवळ नेऊ नका.

हालचाल जोमदार असेल, मान उचलून श्वास घेत असेल, तर पाच-दहा मिनिटांत सोडून द्या. खरा प्रश्न निपचित पडलेल्या कासवाचा असतो. ते मेलंय समजून टाकून दिलं जातं, आणि पुष्कळदा ते जिवंत असतं. दमून, फुप्फुसात पाणी जाऊन ते बेशुद्धीत गेलेलं असतं. असं कासव लगेच पाण्यात सोडलं तर बुडून मरतं. त्याच्यासाठी हे करा:

1. पोटावरच ठेवा, पाठीवर कधीच नाही. पाठीवर उलटलं की आतले अवयव फुप्फुसांवर दाबले जातात.
2. मागच्या बाजूखाली टायर किंवा ठोकळा सरकवा. शेपटीकडची बाजू किमान 15 सेंटीमीटर वर आणि डोकं खाली, म्हणजे पाणी तोंडातून वाहून जाईल.
3. मधूनमधून कवचाची एक बाजू 7 ते 8 सेंटीमीटर हळूच उचला, खाली ठेवा, मग दुसरी.
4. सावलीत ठेवा. ओलं गोणपाट कवचावर आणि परांवर घाला, डोळ्यांवर ओलं फडकं. नाकपुड्या उघड्या राहू द्या.
5. थोड्या थोड्या वेळाने पापणीजवळ हलका स्पर्श करा किंवा शेपटी अलगद चिमटा. पापणी मिटली, शेपटी हलली, तर ते जिवंत आहे.

किमान 4 तास वाट पाहा. काही कासवांना 24 तासही लागतात. पोट दाबून पाणी काढायला जाऊ नका. पाण्याने भरलेल्या टबात ठेवू नका. जखमेवर डिझेल, हळद, चुना काही लावू नका.

परावर धातूची पट्टी किंवा पाठीवर ट्रान्समीटर दिसला तर तो काढू नका. क्रमांकाचा फोटो घ्या आणि माहिती वन विभागाला द्या. कोकणातल्या काही माद्यांना उपग्रह ट्रान्समीटर लावलेले आहेत.

*डॉल्फिन*

श्वासछिद्रात पाणी किंवा फडकं जाऊ देऊ नका. अंग आडवं आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी आधारून धरा. शेपटीला दोर बांधून ओढणं ही सर्वांत घातक चूक आहे, डोकं पाण्याखाली जातं. मोकळा झाला की अर्धा-एक मिनिट आधार द्या, तो स्वतः निघतो.

*व्हेल शार्क*

12 मीटरहून मोठा वाढतो, पण आक्रमक नसतो. धोका शेपटीचा. बोट त्याच्या कडेला, डोक्याच्या बाजूला घ्या आणि जाळ्याचे दोन्ही टोकांचे दोर सैल सोडा. कल्ल्यांवरचं सूत पहिलं कापा. आकडा कल्ल्यात किंवा तोंडात घालून ओढणं, शेपटी बांधून किनाऱ्याकडे नेणं, दोन्ही बंद. इथे बहुधा जाळ्याचा मोठा पट्टा जातो, ते गृहीत धरा. 25,000 ही कमाल मर्यादा आहे, नुकसान त्याहून मोठं असलं तरी.

*करवत मासा*

करवतीच्या दातांत सूत अडकतं. करवत मोडायची नाही. दातांच्या दोन्ही बाजूंना सूत कापत जा, दातांत राहिलेले लहान तुकडे तसेच राहू द्या. करवत आडवी फिरते, बाजूला उभे राहू नका. आपल्या पाण्यात हा मासा आता अतिशय दुर्मीळ झाला आहे. दिसला तर भरपाईचा विचार नसला तरी नोंद जरूर द्या.

टप्पा 8: सोडणं

इंजिन न्यूट्रलमध्येच. जवळ दुसऱ्यांची जाळी नसलेली जागा बघा. कासव बोटीच्या मागच्या बाजूने, पाण्याच्या जितकं जवळ नेता येईल तितकं नेऊन, डोकं पुढे करून सोडा. वरून फेकू नका. ते बोटीपासून लांब गेलं हे दिसल्यावरच गियर टाका. व्हिडिओ तोवर चालू ठेवा, कारण प्राणी जिवंत गेल्याचा पुरावा या शेवटच्या वीस-तीस सेकंदांतच असतो.

ठाणे खाडीत, वाशी-ऐरोलीच्या आसपास बारीक जाळी लावणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. खाडीच्या आत शिरलेलं समुद्री कासव आजारी किंवा भरकटलेलं असण्याची शक्यता मोठी. ते तिथेच पाण्यात ढकलू नका. सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि वन विभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा. समुद्रावरच्या जखमी कासवासाठीही हाच क्रमांक. डहाणूला समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. जखमी प्राणी बंदरावर आणायचा तर आधी फोन करून, कोणाशी बोललात ते नाव आणि वेळ लिहूनच आणा.

प्राणी मेलेला असेल तर फोटो, जागा आणि वेळ नोंदवून वन विभागाला कळवा. वाटून घेणं किंवा विकणं हा गुन्हाच आहे.

टप्पा 9: नुकसानीची मोजणी, बोटीवरच

बंदरावर पोचेपर्यंत जाळं गुंडाळलं जातं आणि नवी फाट जुन्या फाटीत मिसळते. म्हणून फळीवर फाटलेला भाग पसरा, शेजारी मोजपट्टी ठेवा, फोटो काढा. लांबी आणि खोली मीटरमध्ये लिहा, सोबत वावांत (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढी लांबी) लिहिलं तरी चालेल. किती बोये, किती शिसं गेलं ते मोजा. कापलेली कड सरळ असते आणि फाटलेली विस्कटलेली. ती कड दिसेल असा एक जवळचा फोटो हवाच. त्यातूनच कळतं की जाळं प्राण्यासाठी कापलं, खडकावर फाटलं नाही.

टप्पा 10: दावा

त्याच दिवशी, बंदरावर आल्याबरोबर, आपल्या भागातल्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याला कळवा आणि अर्ज द्या. मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद असाल तर संस्थेलाही सांगा, अर्ज पुढे सरकवायला मदत होते. अर्जात हे असावं: बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, परवाना क्रमांक, मालक आणि तांडेलाचं नाव, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, प्राणी कोणता आणि अंदाजे केवढा, जाळ्याचा प्रकार, किती भाग कापला, दुरुस्तीचा अंदाजे खर्च. सोबत टप्पा 1 मधले कागद आणि पावत्या.

फोटो आणि व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. नेहमीसारखे पाठवले की ते दाबले जातात, आणि फोटोत दडलेली तारीख व जागेची नोंद निघून जाते. मूळ फाइल फोनमधून पुसू नका, कापाकापी करू नका, त्यावर गाणं किंवा नाव चढवू नका. एक प्रत पेनड्राइव्हवर.

रक्कम फुगवू नका. चार वाव कापलं आणि अख्ख्या जाळ्याची किंमत लिहिली, की फोटो आणि अर्ज जुळत नाहीत आणि खरा दावाही संशयात येतो.

तपासा: अर्जाच्या तुमच्या प्रतीवर पोच, तारीख आणि शिक्का घेतला का? पोच नसलेल्या अर्जाचा पाठपुरावा करता येत नाही.

एकाच जागी पुन्हा पुन्हा कासवं येत असतील तर

नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालायला कोकण किनाऱ्याजवळ येतात. या महिन्यांत वहीत प्रत्येक अडकलेल्या कासवाची जागा आणि खोली लिहीत गेलात, तर टाळायची जागा तुम्हालाच दिसेल. गिलनेट (पाण्यात उभं सोडून ठेवायचं जाळं) रात्रभर न सोडता मध्ये एकदा तपासा.

ट्रॉलरवाल्यांसाठी खरा उपाय टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस, म्हणजे टेड. खोल्याच्या, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीच्या, आधी गजांची तिरकी चौकट बसते, कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव वरच्या झडपेतून बाहेर पडतं. टेड नाही म्हणून अमेरिकेने 2019 पासून भारतीय समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं, तेव्हा हा बाजारभावाचाही प्रश्न आहे. अमेरिकी नियमांत गजांमधलं अंतर 4 इंचांपेक्षा जास्त नसतं आणि चौकटीचा कोन 30 ते 55 अंशांत असतो. बसवल्यावर बिघाड तीन ठिकाणी होतो. जाळं ताणून कोन बदलतो, बोये निसटून चौकट खाली झुकते, किंवा मासळी निसटेल या भीतीने झडप बांधून ठेवली जाते. दर फेरीआधी हे तीनही बघा. टेड बसेपर्यंत ओढ, म्हणजे जाळं ओढण्याची वेळ, लहान ठेवा. टेडऐवजी ओढीची वेळ मर्यादित ठेवण्याची मुभा अमेरिकेत काही बोटींना आहे, तिथे ती उन्हाळ्यात 55 मिनिटं आणि हिवाळ्यात 75 मिनिटं धरतात. आपलं पाणी वर्षभर उबदार असतं आणि उबदार पाण्यात कासवाचा श्वास लवकर संपतो, म्हणून इथे लहान आकडाच धरावा.